तारा वारा

सांगतो, पण माझी बायको कॉफी घेऊन बाहेर यायच्या आत सांगून संपवतो. ती आली की गोष्ट तिची होते, आणि ती सांगते तेव्हा मी जास्त मूर्ख दिसतो. म्हणजे जेवढा होतो तेवढाच दिसतो म्हणा, पण तेही काही कमी नाही.

तर मंडळी, फोनवर लोक काय काय घोळ घालतात! कोणी पत्ता चुकवतो, कोणी गाडीची वेळ चुकवतो. मी फोनवर एक अख्खी बाई जन्माला घातली. तिला रंग दिला, जात दिली, स्वभाव दिला. तिच्यासाठी तंजावरच्या भर सभेत खुर्ची मांडली गेली, खुर्चीवर मोगऱ्याचा हार ठेवला गेला. आणि ती बाई म्हणजे कोण? आकाशातला एक तारा!

थांबा, पहिल्यापासून सांगतो.

मी तंजावरचा, राजवाड्याजवळच्या गल्लीतला. आमचे पूर्वज मराठा राजांच्या चाकरीत तिकडे गेले आणि परत यायचं विसरले. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, शाळेत इंग्रजी. मराठी आम्ही बोलतो, पण देवनागरी वाचता येणारी माणसं अख्ख्या गल्लीत शोधावी लागतात. आणि आमची मराठी अशी, की तुम्ही ऐकलीत तर म्हणाल, हे लोक बखरीतून उठून थेट बाजारात आले की काय!

ही नव्वदीची मधली वर्षं. गल्लीगल्लीत एसटीडी बूथ उगवले होते, गच्च्यांवर केबलच्या तबकड्या बसत होत्या, आणि मी पुण्यात पीएच.डी. करत होतो. विषय ऐकून घ्या, घाबरू नका. आकाशात काही तारे जोडीनं राहतात, एकमेकांभोवती फिरतात. त्यातले काही एवढे थोर, की आपला सूर्य त्यांच्यापुढे पणती. ते इतके तापलेले असतात की अंगावरचा वायू सारखा बाहेर फेकत बसतात. त्याला म्हणायचं ताऱ्याचा वारा. आता जोडीतले दोघंही वारा सोडणार म्हटल्यावर मध्ये टक्कर होणारच की! त्या टकरीत तो वायू कोट्यवधी अंश तापतो आणि त्यातून क्ष-किरण निघतात. ते क्ष-किरण उपग्रह टिपतात, आणि उपग्रहानं टिपलेलं घेऊन मी डोकं खाजवत बसतो. संपला विषय.

पुण्यात पहिल्याच दिवशी कॅन्टीनमध्ये मी म्हणालो, "मज चहा पाहिजे." सगळं टेबल खो खो हसलं. एकानं तर उठून मला मुजरा केला. त्या दिवसापासून मी ठरवलं, यांच्यापेक्षा शुद्ध बोलायचं. आणि बोललो! एवढा शुद्ध झालो की रेडिओलाही नभोवाणी म्हणायला लागलो. सुट्टीत घरी गेलो की अम्माचं प्रत्येक वाक्य दुरुस्त करायचो. बिचारी नुसती बघत राहायची. आता आठवलं की मीच मला थोबाडावं असं वाटतं.

आता मुद्द्याचं. मीनाक्षी.

मीनाक्षी तिरुवैयारुच्या शाळेत गणित शिकवायची. आमची ओळख लहानपणापासूनची. ओळखीच्या पुढचं जे असतं, तेही दोघांना ठाऊक होतं, पण तोंडानं कोणी काढलं नव्हतं. तिचे वडील विठोबाराव ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत साहेब. त्यांच्याकडे नुकतंच एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा मद्रासचा, कॉम्प्युटरवाला, आज ना उद्या अमेरिकेला जाणार! त्या वर्षांत कॉम्प्युटरवाल्यापुढे बाकी सगळे नवरदेव फिके. आमच्या अम्मानं धीर करून माझं नाव सुचवलं, तेव्हा विठोबाराव म्हणाले, "तुमचा रघू आकाशाकडे पाहतो, हे कळलं. पण काम काय करितो?"

बोला! 

पण अम्मा हार मानणारी नव्हे. आमच्या मराठी मंडळींची वर्षाकाठी एक सभा भरते. गाणं होतं, जेवण होतं, सगळे एकमेकांच्या मुलांची लग्नं जमवतात आणि घरी जातात. त्या वर्षी अध्यक्ष होते विठोबाराव. अम्मानं खटपट करून तिथं माझं भाषण ठरवलं. म्हणजे माझी परीक्षाच. भाषण जमलं तर मीनाक्षी माझी, नाहीतर अमेरिका तिला घेऊन जाणार.

सभेच्या चिटणिसांचा निरोप आला की भाषणाचं नाव लवकर कळवा, पाटी रंगवायची आहे, आणि नाव छोटं द्या. मी विचारात पडलो. 'द्वैती ताऱ्यांच्या वाऱ्यांच्या टकरीतून होणारे क्ष-किरण उत्सर्जन' हे पाटीवर मावणार कसं? मग मला सुचलं. तारा, वारा! काय यमक आहे! दोन शब्दांत सगळं विश्व! मी स्वतःवरच इतका खूश झालो की धावत बूथवर गेलो.

आमच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या रंगनायकी मामींकडे होता. मामी पक्क्या तमिळ, मराठीचा गंध नाही, पण गल्लीतले सगळे निरोप त्यांच्याच घरातून जायचे. अम्मा देवळात गेली होती. लाईन अशी खरखरत होती की कोणी कानात पापड तळतंय. मी तमिळमध्ये ओरडलो की अम्माला सांगा, भाषणाचं नाव ठरलं. त्यातलं 'भाषणाचं नाव' पापडात गेलं. पोचलं ते एवढंच, "अम्माला सांगा... तारा वारा! तारा वारा!"

आता तुम्हाला तमिळ येत नाही, म्हणून आत्ताच सांगून टाकतो. मला मात्र हे फार उशिरा सुचलं, आणि तमिळ तर मला मराठीपेक्षा बरी येते! तिकडच्या बोलीत 'वारा' म्हणजे 'येत्येय'. ती येत्येय. तारा वारा, म्हणजे तारा येत्येय!

मामींनी फोन ठेवला तो थेट आमच्या ओट्यावर. "अगं, तुझा मुलगा एकटा येत नाही. तारा म्हणून कोणी घेऊन येतोय. आणि किती आनंदात ओरडत होता!"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन केला, तर अम्मा मामींकडे फोनजवळच बसलेली. आवाज जरा जड वाटला, पण मी म्हटलं लाईनच खराब.

"रघू, निरोप पोचला रे. सर्व गल्लीस पोचला."

"आवडलं?"

"आवडण्याचं काय घेऊन बसलास. तुज आवडली ना? कशी आहे तारा?"

बघा! आई असावी तर अशी! मुलाच्या संशोधनाची चौकशी कोणाची आई करते? मी फुललो.

"मोठा आहे अम्मा! फार मोठा!"

"मोठा काय रे? मोठी म्हण. पुण्यास राहून आपली बोली विसरलास?"

आणि इथं, मंडळी, इथं मी माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला. शहाणा माणूस म्हणाला असता, अम्मा, तारा पुल्लिंगी. पण मी पडलो विद्वान! माझ्या डोक्यात वीज चमकली. संस्कृतात तारा स्त्रीलिंगी आहे. आमच्या बोलीत जुनी रूपं टिकली आहेत, हे तर सगळे सांगतात. म्हणजे तंजावरी मराठीत तारा अजून स्त्रीलिंगीच आहे! माझ्या आईच्या तोंडून मला केवढा शोध लागला! मी लगेच सुधारून घेतलं.

"बरं बरं, मोठी! अवाढव्य आहे ती!"

मग अम्मा म्हणाली, "असो. अंगानं असतं कोणी कोणी. रंग?"

"निळसर पांढरी."

"निळसर? बरं नाही काय तिला?"

"छे गं, तापली आहे म्हणून!"

"तापट आहे?"

"भयंकर! जवळसुद्धा कोणी जाऊ शकत नाही!"

"अय्यो," अम्मा हळूच म्हणाली. "कोठली रे?"

"दक्षिणेची! पुण्यातून नीट दिसतसुद्धा नाही, आपल्याकडून छान दिसते."

यावर तिला जरा बरं वाटलं असावं. मग तिनं तो प्रश्न विचारला, जो ऐकून मी बूथमध्ये उभ्या उभ्या उडालो. "जात कोणती रे?"

ताऱ्यांचेही प्रकार असतात, हे माझ्या आईला ठाऊक! माझ्या ताऱ्याच्या प्रकाराचं नाव वुल्फ-रायेट. मी अभिमानानं ओरडलो, "वुल्फ-रायेट!"

"काय? रायर?"

"हां हां, रायेट!"

"देवा रे! रायर! आपल्यातलीच की रे!" अम्माला हुंदकाच फुटला. तमिळ लोक आम्हा राव मंडळींना रायर म्हणतात, हे मला जन्मापासून ठाऊक. पण त्या क्षणी? त्या क्षणी मी काय समजलो? की विज्ञान ऐकून आईचा गळा दाटून आला!

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी भाषेच्या एका सरांना गाठलं. बोलींवर मोठं काम होतं त्यांचं. म्हटलं, "सर, तंजावरी बोलीत तारा स्त्रीलिंगी आहे. माझी आई आजही 'ती तारा' म्हणते." सर चहा विसरले. खिशातलं पेन काढून त्यांनी लिहून घेतलं, माझं नाव नीट विचारून घेतलं. मी कॉलर ताठ करून प्रयोगशाळेत गेलो.

इकडे गल्लीत काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. अम्मा दोन दिवस जेवली नाही. मीनाक्षीला सून करायचं तिच्या मनात किती वर्षांचं होतं, आणि आता विठोबारावांना तोंड कसं दाखवायचं! शेवटी मामींनी तिला समजावलं. "मुलगी एकदा घरात येऊ दे. तोवर एक शब्द वाकडा बोलू नकोस, काही विचारू नकोस. विचारलंस तर दोघं पळून जाऊन लग्न करतील." अम्मानं ते मनावर घेतलं. ताऱ्यासाठी, चुकलो, तारासाठी एक पट्टुची, म्हणजे रेशमी, साडी घेऊन ठेवली. मोठी आहे म्हणून पोलक्याचं कापड जास्त घेतलं!

चिटणीस भाषणाचं नाव विचारायला आले, तर मामींनी त्यांनाही माझा निरोप जसाच्या तसा ऐकवला, आणि सभेच्या दारावर त्याचीच पाटी लागली. आमच्या लोकांना देवनागरी येत नाही, म्हणून तमिळ अक्षरांत. भलीमोठी, लाल रंगात. 'तारा वारा.' रस्त्यानं जाणारा येणारा वाचतोय, तारा येत्येय! कोणाला वाटलं नाचणारी आहे, कोणाला वाटलं टीव्हीवरची आहे. कोण तारा हे कोणालाच ठाऊक नाही, पण येत्येय म्हटल्यावर बघायला नको?

मी तंजावर स्टेशनावर उतरलो, तर फलाटावर अम्मा, मामी, आणि अम्माच्या हातात मोगऱ्याचा गजरा. माझ्यासाठी गजरा? मी वाकून नमस्कार केला, पण अम्मा माझ्या खांद्यावरून डब्याच्या दारात बघतेय.

"तारा कोठे रे?"

"ती उद्या गं," मी म्हणालो. "उद्या सभेतच सर्वांना एकदम दाखवतो."

"सभेत? सर्वांपुढे?"

"मग! विठोबारावमामांना पहिल्या रांगेत बसव हं. त्यांनीच आधी नीट बघायला हवी."

अम्मानं पदर तोंडाशी नेला. मामींनी तिचा दंड धरला आणि डोळ्यानं खूण केली, काही बोलू नकोस. मला वाटलं, पोराचं कौतुक सहन होत नाहीये.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सभागृहात गेलो. मीनाक्षी आधीच आली होती. तिनं शाळेतून ओव्हरहेड प्रोजेक्टर आणला होता आणि त्याची वायर जोडत होती. मी म्हटलं, "कशी आहेस?" तर मान वर न करता म्हणाली, "माझं असू दे. तुझी तारा कशी आहे?"

तिलाही उत्सुकता! मला इतका आनंद झाला की विचारू नका.

"काय सांगू तुला मीनाक्षी! दोन वर्षं झाली, रात्रंदिवस तिच्याच मागे आहे. जेवताना ती, झोपताना ती. दुसरं काही सुचतच नाही बघ!"

"हो?" वायर तिच्या हातातून सुटली.

"पण ती एकटी नाही ना. तिला जोडीदार आहे."

आता तिनं मान वर केली. "जोडीदार आहे?"

"दोघं बांधलेले आहेत एकमेकांशी. सुटका नाही."

"आणि तू त्यात कोठे?"

"मी लांबून बघतो."

"लांबून बघतोस!"

"मग काय, जवळ जाऊन मरू? दोघांच्या वाऱ्यांची अशी टक्कर होते म्हणून सांगू, की त्यातून क्ष-किरण निघतात!"

मीनाक्षी थांबली. माझ्याकडे बघितलं. उघड्या दारातून बाहेरची पाटी दिसत होती, तिच्याकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे. तिच्या ओठाच्या कडेला काहीतरी हललं. गणिताची बाई ती! सगळा हिशेब तिला तिथल्या तिथे सुटला. आणि मला सांगितला का? नाव नको! वायर जोडली, पदर खोचला आणि म्हणाली, "भाषण मोठ्यानं कर हं रघू. सर्वांस ऐकू गेलं पाहिजे."

संध्याकाळी सभागृहात मुंगीला शिरायला जागा नाही. मराठी मंडळी तर होतीच, पण खिडक्यांमधून निम्मी गल्ली लोंबकळत होती. माझ्या मनात आलं, तंजावरात खगोलशास्त्राची एवढी भूक आहे, आणि मी उगाच पुण्याला गेलो! पहिल्या रांगेत मधोमध एक खुर्ची रिकामी, तिच्यावर हार. मी समजलो, कोणी पाहुणे यायचे असतील.

विठोबाराव अध्यक्ष. चेहरा दगडी. मीनाक्षीचं मन मोडलं म्हणून माणूस आतून पेटला होता, पण सभेचा मान ठेवून बसला होता. मी माईकपुढे गेलो आणि माझी सगळ्यांत शुद्ध मराठी बाहेर काढली.

"सभाध्यक्ष आणि उपस्थित रसिकहो! आज मी आपणांसमोर तारा सादर करीत आहे!"

सगळी सभा वळली आणि दाराकडे बघायला लागली.

मी म्हटलं, यांना पडदा कुठे आहे ते कळलं नाही. "इकडे पाहावे! इकडे!" सगळे वळून माझ्याकडे. मी प्रोजेक्टरवर ताऱ्याची फिल्म ठेवली, दिवा लावला. पडद्यावर एक पांढरा ठिपका. "ही तारा," मी म्हणालो.

खिडकीतून एक तमिळ आवाज आला, "एवढीच?"

"ही दुरून लहान दिसते," मी रेटलं. "प्रत्यक्षात अतिप्रचंड आहे. हिच्या अंगातून अहोरात्र झंझावात उत्सर्जित होत असतो..."

विठोबाराव उठून उभे राहिले. "पुरे! हे अस्की राहू दे." अस्की म्हणजे आमच्याकडे सगळं. "मुलगी कोठे?"

"कोणती मुलगी, मामा?"

"कोणती? तारा! ज्या मुलीसाठी हार आणविला, खुर्ची ठेविली, ती! सर्व गावास बोलावून ठिपका दाखवितोस?"

"मामा, हीच ती तारा! आकाशातली!"

मागून अम्मा उभी राहिली. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "लबाड बोलू नको रे! तूच म्हणितलास ना फोनावर? मोठी आहे, निळसर आहे, तापट आहे, रायर आहे! मी पोलक्याचं कापडसुद्धा जास्त घेतलं!"

तेव्हा, मंडळी, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी दाराकडे बघितलं. पाटीची मागची बाजू दिसत होती, पण पुढे काय लिहिलंय ते मला पाठ होतं. तारा वारा. पहिल्यांदाच तमिळमध्ये वाचली. तारा येत्येय! मी मीनाक्षीकडे बघितलं. ती प्रोजेक्टरमागे तोंडावर पदर धरून थरथरत होती. मला वाटलं, रडतेय! देवा, ही रडतेय! खरं सांगतो, इतका घाबरलो मी आयुष्यात कधी नव्हतो. ती गेली, अमेरिकेला गेली, आणि मी जन्मभर ठिपके बघत बसणार!

शुद्ध मराठी? कुठली शुद्ध मराठी! एक शब्द आठवेना. जे तोंडात आलं ते माईकमध्ये ओरडलो, "मज तारा नको हो! मज कोणी नको! मज मीनाक्षी पाहिजे!"

माईक नवा होता. आवाज राजवाड्यापर्यंत गेला असणार.

मग विठोबाराव सावकाश खाली बसले. चष्मा काढला, उपरण्यानं पुसला. "आता बोललास आपल्या भाषेत," ते म्हणाले. "इतका वेळ काय बोलत होतास रे?"

सभेत हशा फुटला! बायका हसतायत, खिडक्या हसतायत. मामींना कोणीतरी तमिळमध्ये समजावलं, तर त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. आणि मीनाक्षी? रडत कसली होती, हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं!

पण विठोबाराव सोडणारे नव्हते. "बस. आता जे सांगावयास आलास ते सांग. असंच सांग. तारा करिते काय?"

मी घाम पुसला. सभागृहात दोन उभे पंखे होते, एक मोठा, एक लहान. मी ते समोरासमोर ठेवून सुरू केले. रिकाम्या खुर्चीवरच्या हारातून मोगऱ्याची एक सर काढून दोघांच्या मध्ये धरली. "मामा, हे दोघं तारे. हा याजवर वारा सोडतो, हा त्याजवर सोडतो. पाहा, मध्ये आणलं की फूल कसं हेलकावे खातं! तेथे टक्कर. तेथेच वायू तापतो, तेथूनच क्ष-किरण निघतात. मी दुरून पाहतो, आणि त्या किरणांवरून सांगतो की कोणाचा वारा किती जोराचा."

विठोबाराव उठून जवळ आले. माझ्या हातातून मोगऱ्याची सर घेतली आणि स्वतः धरून पाहिली. लहान पंख्याच्या अगदी तोंडाशी नेली, तेव्हा कुठे ती स्थिर राहिली. ते बराच वेळ बघत होते. कचेरीतला माणूस, कागद दोनदा वाचल्याशिवाय सही न करणारा.

"म्हणजे," ते म्हणाले, "ज्याचा वारा जोराचा, त्याची टक्कर दुसऱ्याच्या दाराशी."

"अगदी बरोबर मामा! अगदी हेच!"

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा लेकीकडे. मीनाक्षी अजून हसतच होती. "मग रघुनाथा, विचार करून सांग. मी हिला जन्मापासून ओळखितो. हिच्याशी लग्न केलास तर टक्कर रोज तुझ्याच दाराशी होईल."

"चालेल," मी म्हणालो.

"मग चालेल," विठोबाराव म्हणाले, आणि ती मोगऱ्याची सर मीनाक्षीच्या हातात देऊन जेवायला उठले.

लग्न झालं. तारासाठी घेतलेली साडी मीनाक्षी नेसली, जास्तीच्या कापडाची तिच्या भाचीला परकर-पोलकी झाली. रंगनायकी मामी अक्षता टाकून पुढे आल्या, मंडपभर नजर फिरवली आणि निरागस चेहऱ्यानं मला विचारलं, "तारा वरल्लियो?" म्हणजे, तारा नाही आली का? सगळा मांडव हसला. अम्मा सगळ्यांत जास्त हसली. त्या दिवसानंतर मी तिचं एक वाक्य दुरुस्त केलं नाही.

ताऱ्यांच्या वाऱ्यांच्या टकरीवर मी पुढे बरंच लिहिलं. कोणी वाचलं असेल तर मला कळवलेलं नाही. पण परवा एक तरुण मुलगी घरी आली, मराठीच्या बोलींवर पीएच.डी. करणारी. आल्या आल्या माझ्या पाया पडली! म्हणाली, "सर, तुमचा संदर्भ नसेल असं या विषयावरचं एकही पुस्तक नाही." मी छाती फुगवून विचारलं, कोणता संदर्भ? तिनं एक जाडजूड पुस्तक उघडून तळटीप दाखवली. 'तंजावरी मराठीत तारा हा शब्द आजही स्त्रीलिंगी वापरला जातो', आणि खाली आधार म्हणून ठळक अक्षरांत माझं नाव!

मी आता तिला खरं सांगणार, तेवढ्यात आतून मीनाक्षी कॉफी घेऊन आली आणि म्हणाली, "खरं आहे ते. यांची तारा स्त्रीलिंगीच होती. सगळ्या गावानं तिची वाट पाहिली."